रोल नंबर तोच राहतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही — आणि तिला मी दुखऱ्या दाढेपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगते. देवापुढं बसते तेव्हाही या एका गोष्टीला वळसा घालून पुढं जाते, जसं काही त्याला ठाऊकच नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या रविवारच्या पालकसभेत सरांनी माइकवरून ती गोष्ट पुन्हा सांगितली, लोकांनी माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडून हसले, म्हणून असेल. ते हसणं अजून माझ्या तोंडावरून गेलेलं नाही असं वाटतं.

मी लातुरात एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसते. क्लासचं नाव राहू द्या. मला सगळे ताई म्हणतात — पोरं, त्यांचे आईबाप, सरसुद्धा, आणि सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत. भूकंपानंतर आम्ही औसा तालुक्यातलं गाव सोडून मामाकडं लातूरला आलो. मी बारावी अर्धवट सोडलेली, अंगात दुसरा गुण काही नाही, फक्त अक्षर चांगलं. क्लास तेव्हा दोन खोल्यांचा होता. सरांनी मला फळ्यावर निकालाची यादी लिहायला बसवलं आणि मी बसले ती बसलेच. दोन खोल्यांचे चार मजले झाले, मुखेड, जळकोट, हिमायतनगरची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायला लागली, गल्लीतल्या घराघरांतली वरची खोली भाड्यानं गेली — पण यादी माझ्याच हातची.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडं दर पंधरा दिवसांनी रविवारी परीक्षा, सोमवारी निकाल आणि मंगळवारी बाकं बदलायची. पहिले साठ मोठ्या हॉलमध्ये सरांपुढं, पुढचे साठ वरच्या मजल्यावर, असं करत शेवटच्या साठांपर्यंत. आणि रोल नंबर म्हणजे बाकाचा नंबर. बाक बदललं की नंबर बदलला. तुमचा जुना नंबर दुसऱ्याचा झाला. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आम्हाला कधी वाटला नाही, कारण पहिल्या दिवसापासून हेच बघत आलो. कोण कुठून कुठं गेलं हे एकाच ठिकाणी लिहिलेलं असायचं — माझ्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरात, जुना नंबर खोडून शेजारी नवा. घरी जाताना मी ते कुलपात ठेवायची. किल्ली माझ्याकडं असायची.

मग सरांच्या मनानं घेतलं की क्लासचं ॲप हवं. समोरच्या क्लासनं काढलं होतं, शेजारच्यानं काढलं होतं. परीक्षा झाली की मार्क थेट बापाच्या फोनवर, हिमायतनगरला बसल्या जागी. ॲप बनवणारी पोरं पुण्याची. ती काय बोलतात हे सरांना कळेना आणि सर काय मागतात हे त्यांना कळेना. दोन महिने नुसती फोनाफोनी चालली. शेवटी कुणीतरी सुचवलं की हे काम सांभाळायला बाहेरून एक मॅनेजर नेमा — आपल्या पगारावरचा नाही, करारावरचा, सहा महिन्यांसाठी. आणि एका मंगळवारी नांदेडच्या बसमधून उतरून फरहीन आमच्या ऑफिसात आली.

मी तिला मनातल्या मनात आधीच नापास करून ठेवलं होतं. वाटलं होतं, काळा चष्मा लावून इंग्रजी झाडणारी कुणी असेल. आली ती तिशीतली, साधी, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, हातात डबा. पुण्यात मोठ्या कंपनीत होती, वडिलांची तब्येत बिघडली म्हणून नोकरी सोडून नांदेडला परत आलेली. तिच्या स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलं काम. "हे नीट झालं ना ताई, तर नांदेड-लातुरातली आणखी चार कामं मिळतील. मला आता पुन्हा पुण्याला जायचं नाही," असं तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. तिचं काय पणाला लागलंय हे मला अगदी स्वच्छ माहीत होतं — हे लक्षात ठेवा.

तिच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आजोबांपासूनचं. तिथं घड्याळ आलं की आधी चिठ्ठी बांधायची — कुणाचं, काय बिघडलंय — आणि मगच झाकण उघडायचं. तीच सवय तिला होती. कुणाशीही बोलणं झालं की संध्याकाळी ती सरांना मेल पाठवायची: आज काय विचारलं, कुणी काय सांगितलं, काय ठरलं. सर मेल उघडत नाहीत. सरांची मेल मी उघडते, हवी ती छापून त्यांच्या टेबलावर ठेवते. हे तिला माहीत नव्हतं.

मला तिचा राग होता का? तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. राग यावा असं तिनं काही केलंच नाही. माझ्यासाठी डब्यात खिचडा आणायची, आधी विचारून — "ताई, बिनमटणाचा केलाय, तुम्ही खाल ना?" मला लॅपटॉपवर याद्या कशा लावायच्या ते शिकवायची, आणि मी मुद्दाम चुकले तरी कंटाळायची नाही. हो, मुद्दाम चुकायची मी. मला भीती वाटत होती. ॲप झालं की यादी कोण लिहिणार? रजिस्टर कोण उघडणार? आणि रजिस्टर नसेल तर त्या खुर्चीत बसलेली ही बाई कोण? रस्त्यानं जाताना दुकानांच्या काचांवर "मुली पाहिजेत" असं लिहिलेलं वाचत जायची मी. चाळिशी उलटलेली बाई कुणाला पाहिजे होती?

तर तो मंगळवार. दुपारचे साधारण तीन. सर हॉलमध्ये शिकवत होते, भिंतीतून त्यांचा आवाज येत होता. फरहीन माझ्यासमोर बसून पुण्याच्या पोरांसाठी प्रश्नांची यादी भरत होती. पोराचं पूर्ण नाव, बापाचा फोन, गाव. मग तिनं पेन थांबवलं आणि विचारलं, "ताई, बॅच बदलते ते कळलं. पण एकदा दिलेला रोल नंबर वर्षभर तोच राहतो ना?"

रजिस्टर माझ्या हाताखाली होतं. उघडंच होतं. नुसतं तिच्याकडं फिरवलं असतं तरी झालं असतं.

मी म्हणाले, "हो. तोच राहतो."

झालं. एवढंच. तिनं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. माझ्या तोंडून हे चुकून निघालं असं मी स्वतःला कितीदा पटवलं! पण चुकून निघालेला शब्द माणूस लगेच दुरुस्त करतो. मी उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि तिच्या पुढच्या प्रश्नांची उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी तिला भूकंप सांगितला. तोवर कधी सांगितला नव्हता. ते घर, वडील, पत्र्याच्या शेडमधले ते दिवस, सरांनी दिलेली खुर्ची — "या खुर्चीशिवाय मला काही नाही बघ फरहीन." सगळं खरं होतं, एक शब्द वाढवलेला नव्हता. ती रडली. पण मी ते कधी सांगितलं हे बघा — खोटं बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी. वेळ आलीच तर उपयोगी पडावं म्हणून सांगितलं. माझ्या वडिलांचं मरण मी असं वापरलं. म्हणून इथं मी भूकंपाचं नाव कारण म्हणून घेणार नाही. ते मी फार वर्षं घेत आले.

ॲप सुरू झाल्यावरची पहिली परीक्षा झाली. मेसेज बरोबर गेले, कारण ॲपमध्ये नंबर भरल्यापासून अजून बाकं बदललेली नव्हती. पालकांचे फोन आले, सरांनी पेढे वाटले, फरहीनला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मंगळवारी मी नेहमीप्रमाणे नवे नंबर लिहिले. जुना खोडला, नवा लिहिला, दोनशे चाळीस पोरांचं असंच. ॲपमध्ये मात्र जुन्या नंबरापुढं जुनाच बाप. पुढच्या परीक्षेला बारा दिवस होते. बारा दिवस! त्यात ती चार वेळा लातूरला आली, रोज फोनवर होती. प्रत्येक वेळी मी ठरवायची, आज सांगू. "अगं, परवा मी चुकून हो म्हणाले" — एवढं वाक्य मी आंघोळ करताना म्हणून बघायची. चांगलं जमायचं. ऑफिसात तिचा चेहरा दिसला की मी दुसरंच काहीतरी बोलायची. शेवटी शेवटी तर मी तिच्यावरच चिडायला लागले — ही पुन्हा एकदा विचारत का नाही?

दुसऱ्या परीक्षेचे मेसेज सोमवारी सकाळी दहाला गेले. साडेदहाला ऑफिसचे तिन्ही फोन वाजत होते. कुणाच्या हुशार पोराला शंभराच्या आत मार्क, कुणाचा पोरगा गैरहजर म्हणून मेसेज आणि पोरगा तर पेपर देऊन आलेला. मी एकेक फोन उचलून "बघते, बघते" म्हणत होते. मला बघायची गरज नव्हती.

दुपारी जळकोटहून प्रतीक्षाचे वडील आले. पंचायत समितीत शिपाई आहेत, शांत माणूस. पोरगी एवढी चिकाटीची की मागच्या निकालात चौऱ्याहत्तरवरून एकेचाळिसावर गेली होती, पहिल्यांदाच मोठ्या हॉलमध्ये. चौऱ्याहत्तर नंबर आता एका आजारातून उठलेल्या पोराचा होता. त्याचे अठ्ठावन्न मार्क हिच्या बापाच्या फोनवर गेले होते. सातशे वीसपैकी अठ्ठावन्न. ते माझ्या टेबलाशी उभे राहिले, भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, खोली कुठं हाय तिची? सामान न्यायला आलोय."

मला माहीत होतं. तिचे खरे मार्क पाचशे अकरा, माझ्यासमोरच्या कागदावर होते. पण ते लगेच सांगायचं तर "नंबर बदललाय" असं म्हणावं लागलं असतं, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, तुला एवढं पटकन कसं कळलं? मी खोलीचा पत्ता सांगितला. कोपऱ्यावर मेडिकल, त्याच्या वरचा जिना. ते धन्यवाद म्हणून गेले.

ते गेल्यावर मी काय केलं, विचारा. त्यांच्या मागं धावले? नाही. सरांच्या कॉम्प्युटरवर बसले, त्या मंगळवारचा मेल शोधला — "ताईंनी सांगितलं: रोल नंबर वर्षभर तोच राहतो" — आणि पुसला. मग कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही पुसला. ताईंना कॉम्प्युटर येत नाही असं सगळे समजत होते. मला हे फरहीननंच शिकवलं होतं.

संध्याकाळी ती धावत आली. सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच. सरांचा आवाज चढलेला. "नंबर बदलतो हे इथल्या भिंतीला पण माहीत हाय! तू विचारलं न्हाईस कुणाला?"

तिनं टेबलावरचा फोन उचलला. पाठवलेला मेल तिच्याकडंही असणार, हे त्या क्षणाला माझ्या डोक्यात आलं. एवढी पुसापुशी केली आणि हे सुचलं नव्हतं. तिचा अंगठा फोनवर फिरला, थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरकडं बघितलं. मला माझ्या पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली, आणि ती खरंच हलावी, सगळे बाहेर पळावेत, असंही वाटलं. मग तिनं फोन पालथा ठेवला.

"मी गृहीत धरलं, सर. माझी चूक आहे."

सर माझ्याकडं वळले. त्यांनी मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? ते मला पक्कं माहीत आहे, आणि ते तुम्हालाही कळलं असेल. पण त्यांनी विचारलंच नाही. "रजिस्टर होतं म्हणून वाचलो," असं म्हणाले. रात्रीच्या जेवणाआधी मी रजिस्टरवरून सगळे मार्क लावून दिले, प्रतीक्षाचं घर सोडून घरोघरी फोन केले. फरहीनचं काम त्याच दिवशी संपलं. लातुरात क्लासवाल्यांच्या तोंडी एकमेकांच्या बातम्या चहाआधी पोचतात. तिला पुढं इथं कुणी बोलावलं नाही.

जाताना तिनं एकच मागितलं — जळकोटला मी स्वतः जाऊन सांगते, पोरीला घरी बोलणी बसली असतील. दुसऱ्या दिवशी सरांनी मला सोबत पाठवलं, रजिस्टर घेऊन, पुरावा म्हणून. मी, पुरावा!

प्रतीक्षाच्या घरी आम्ही खाटेवर बसलो. ट्रंक दाराशीच होती, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. फरहीननं हात जोडले, सगळं समजावलं, पाचशे अकरा मार्क दाखवले. बापानं तो कागद दोनदा वाचला. "मी पोरीला लई बोललो मॅडम. खोटारडी म्हणलो. ते शब्द आता वापस घेता येतेत का?" फरहीनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा प्यायले. तेवढ्यात आतून पोरगी म्हणाली, "ताई, माझा नंबर एकेचाळीस झाला होता की. तुम्हीच तर लिहून दिलाव." फरहीन घाईनं म्हणाली, "हो गं, ते मला कळलं नाही." माझ्याकडं न बघता.

पोरगी पंधरा दिवसांनी आली. मधली परीक्षा बुडाली होती, नियमानं शेवटच्या साठांत गेली. तो नंबरही मीच लिहिला. मोठ्या हॉलमध्ये ती पुन्हा आली नाही.

जळकोटच्या स्टँडवर आमच्या वाटा वेगळ्या होत्या. तिला मुखेडवरून नांदेडला जायचं होतं, मला लातूरला. तिची गाडी आधी लागली. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली. "ताई, तो मेल मी कुणाला दाखवणार नाही. काळजी नका करू. फक्त एवढं सांगा — तुम्ही हो का म्हणालात?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. झाकण उघडून बघायचं होतं, आत काय बिघडलंय ते.

मी म्हणाले, "तू असं काही विचारलेलं मला आठवत नाही."

तिनं मान हलवली आणि वर चढली. कंडक्टरनं घंटी दिली.

नंतर सरांनी पुण्याहून दुसरा मॅनेजर बोलावला. पहिल्याच दिवशी त्यानं मला तोच प्रश्न विचारला. मी सांगितलं, "नाही, दर पंधरा दिवसांनी बदलतो." त्यानं प्रत्येक पोराला एक कायमचा नंबर दिला, काम दीड तासात झालं. माझी खुर्ची गेली नाही. ती कधी जाणारच नव्हती. रजिस्टर आता सरांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात ठेवलंय आणि पालकसभेत ते दाखवतात — आमच्या ताईंच्या या वहीनं क्लासची अब्रू वाचवली. फरहीन आता पुण्यात आहे असं ऐकलं. वडील नांदेडला एकटे. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी कधी लावला नाही.

मला आठवत होतं. मंगळवार होता, तीन वाजले होते. तिच्या निळ्या पेनाची शाई अडखळत होती, तिनं ते दोनदा झटकलं होतं. भिंतीपलीकडं सर शिकवत होते. तिनं विचारलं, आणि रजिस्टर माझ्या हाताखाली उघडं होतं, आणि मी तिच्या तोंडाकडं बघून हो म्हणाले. मला आठवत होतं.